जाळ, निखारा, फुफाटा

शेकोटी आणि चूल या दोन वेगळ्या गोष्टी. थंडीत उघड्यावर केलेली न्याहारी बिघडते ती बहुतेक वेळा हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे. मिठा-तिखटाचं नंतर बघता येतं. शेकोटीभोवती दहाजण बसतात, चुलीपुढे एकच जण. शेकोटीचा जाळ उंच हवा, उजेड तोंडावर पडला पाहिजे, लाकूड भराभर जळालं तरी कुणी विचारत नाही. चुलीला जाळ पातेल्याच्या बुडापुरता हवा आणि लाकडाचा हिशेब हवा. हल्ली धरणांच्या काठी तंबूसोबत जो ‘कॅम्पफायर’ मिळतो तो अस्सल शेकोटीच असतो: अर्धवट ओली लाकडं उभी रचायची आणि वर रॉकेल नाहीतर डिझेल शिंपडायचं. गाण्याच्या भेंड्यांना ते ठीक. त्यावर चहा ठेवला तर त्याला गॅरेजचा वास लागतो, आणि वेलची घालूनही तो जात नाही.

मराठीने विस्तवाला नावं देताना हात आखडलेला नाही. भडकून वर उठतो तो जाळ. लाकूड लाल होऊन धग धरतं ते इंगळ, निखारे. निखाऱ्यांवर राख साचते, वरून करडी आणि शांत, आतून तापलेली, तो फुफाटा. आगीतून निघून फुफाट्यात पडल्याची म्हण ज्याने केली त्याने रताळी नक्की भाजली असणार. जाळ निदान दिसतो, फुफाटा पाय पोळेपर्यंत कळत नाही. या तिन्हींवर होणारे पदार्थ वेगळे. आधणाचं पाणी आणि चहा जाळावर. पिठलं जाळावर चढतं आणि निखाऱ्यांवर मुरतं. भाकरी तव्यावर जाळाने भाजायची आणि निखाऱ्यांपुढे फुगवायची. कांदा, रताळं, वांगं फुफाट्यात. म्हणजे कशानंतर काय करायचं हे भुकेला विचारून ठरत नाही, विस्तवाचं वय बघून ठरतं. सहाला पेटवलेल्या चुलीवर सव्वासहाला भाकऱ्या टाकायला बसणाऱ्याजवळ पीठ असतं, तवा असतो, फक्त निखारे नसतात.

जागा म्हणाल तर अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, कळसूबाईच्या रांगेचा पायथा, भात आणि नागली म्हणजे नाचणी घरात गेल्यावर मोकळं झालेलं खळं, महिना जानेवारी. पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरलेला असतो. सूर्य सात-सव्वासातला उगवतो, पण डोंगराआडून ऊन अंगावर यायला त्याहून उशीर. मुद्दाम खळं म्हणतो आहे. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला, पेटता ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीला अख्खा उतार पुरत नाही. गडावरच्या लेण्यांत चूल मांडणं तर त्याहून वाईट. कोरीव कामावर बसलेली काजळी पुढच्या पावसात धुऊन जात नाही. तेव्हा ज्यांच्याकडे उतरलात त्यांना विचारून त्यांच्या खळ्यात, अंगणात, ते म्हणतील तिथे बसावं. सरपणही त्यांच्याकडूनच पैसे देऊन घ्यावं. त्यांच्या लाकडाला पावसाळ्यानंतरची तीन महिन्यांची उन्हं लागलेली असतात, जंगलातून उचललेल्या फांदीबद्दल तशी खात्री देता येत नाही.

या थंडीत काय करावं, तर पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि चहा. पोहे नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पोहे उत्तम, पण बाहेर सात-आठ अंशांत ताटलीत वाढलेले पोहे पाच मिनिटांत गार पडून वातड होतात आणि मग नुसते चघळत बसावे लागतात. पिठलं दाट असल्यामुळे ऊब धरून ठेवतं. दुसरं कारण उंचीचं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यावर ते ९४-९५ अंशांनाच उकळू लागतं. उघड्या पातेल्यातली तूरडाळ तिथे सरपण खात बसते. बेसनाला त्याचं सोयरसुतक नाही, ते याहून बऱ्याच कमी तापमानाला फुलून घट्ट होतं.

आता चूल. तीन दगड, साधारण एक वीत उंचीचे, शेताच्या बांधावरचे. ओढ्यातले गोटे घ्यायचे नाहीत. ते गुळगुळीत असतात, दिसतात छान, आणि तापल्यावर फुटतात. आपला काळा पाषाण वाटतो तितका भरीव नसतो, त्यात बारीक पोकळ्या आणि भेगा असतात. वर्षभर पाण्यात राहिलेल्या दगडात तिथे पाणी मुरतं, त्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि टाळी वाजल्यासारखा आवाज होऊन ढलपी उडते. ती डोळ्यालाही लागू शकते. बांधावरचा, उन्हात पडलेला दगड कोरडा असतो. दगड जमिनीत दोन बोटं रोवायचे, तीन बाजूंनी मांडून चौथी बाजू तोंडासाठी मोकळी ठेवायची. मग पाण्याने भरलेलं पातेलं वर ठेवून त्याला हलकासा धक्का द्यायचा. डुगडुगलं तर आत्ताच सारखं करून घ्यावं; पिठलं रटरटताना दगड हलवता येत नाहीत.

जमीन दवाने ओली असते हे पुष्कळजण विसरतात. ओल्या मातीवर पेटवलेला विस्तव पहिली पंधरा मिनिटं माती वाळवण्यात घालवतो. म्हणून वरची बोटभर माती खरवडून काढायची आणि तळाशी अंगठ्याएवढ्या जाड कोरड्या काटक्यांचा एक थर आडवा अंथरायचा. विस्तव त्याच्यावर.

सहा माणसांच्या न्याहारीला सात-आठ किलो लाकूड आणि चार-पाच गोवऱ्या पुरतात. लाकडात बाभूळ पहिली: जड, जळायला सावकाश, निखारा टणक आणि टिकाऊ. खैराचंही तसंच, पण तो कुणी तुम्हाला जाळायला देणार नाही आणि तुम्ही तोडायचा तर नाहीच. आंब्याचं लाकूड मऊ, धूर जास्त, निखारा लगेच राख होणारा, चहापुरतं चालतं. पेटवायला तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, मक्याची चिपाडं, नारळाची शेंडी, जे ज्या भागात मिळेल ते. काही झाडं मात्र चुलीजवळसुद्धा आणायची नाहीत. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि त्याच्या धुराचाही त्रास होतो. कण्हेर विषारी, तिची काडी ढवळायलाही घ्यायची नाही. थोर आणि रुई चिकाची, तीही नकोत. बांबूची पेरं बंद असतात; तो चुलीत घालायचाच तर आधी उभा चिरून, नाहीतर प्रत्येक पेर एक फटाका.

लाकूड वाळलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की कोरडं टणटण वाजतं, ओलं बद्द. रात्रभर बाहेर राहिलेलं लाकूड वरून दवाने भिजतं, पण आत कोरडंच असतं. कोयत्याने उभं चिरलं की आतली बाजू लगेच पेट घेते. खरं ओलं ते वेगळंच. त्याच्या मागच्या टोकाला फेस येतो, ते फुसफुसतं आणि धूर देतं. असं लाकूड जबरदस्तीने जाळत बसण्यापेक्षा चुलीच्या कडेला उभं करून ठेवावं, भाकरीच्या वेळेपर्यंत ते कामाला येतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सकाळचं सरपण रात्रीच ओसरीवर नाहीतर ताडपत्रीखाली ठेवणं.

रात्रीचा विस्तव सकाळपर्यंत राखता येतो हेही सांगून ठेवतो. घरच्या चुलीत बाभळीचं बुडखं अर्धं जळालं की त्याचे निखारे एका जागी ओढून वर चार बोटं राख घालतात. राख हवा लागू देत नाही, म्हणून निखारा संपत नाही, नुसता धुमसत राहतो. काडेपेटी महाग होती तेव्हा ज्याची चूल विझली तो शेजारच्या घरून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणायचा. दोन घरांत विस्तव जात नाही म्हणजे काय, ते या देण्याघेण्यावरून कळतं. पण ही घरच्या चुलीची रीत झाली. तंबूजवळ, वाळल्या गवताशेजारी असा विस्तव पुरून झोपायचं नाही. तिथे रात्री पूर्ण विझवायचा आणि पहाटे नव्याने पेटवायचा.

पहाटे काडेपेटी दवाने सादळलेली निघते, लायटर गारठ्याने नुसता ठिणगी मारतो. दोन्ही रात्री उशाशी, पिशवीच्या आत ठेवावेत. लहान डब्यातल्या गॅसवर विसंबणाऱ्यांचीही थंडीत हीच गत होते. ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच द्रव होतो, आणि जसजसा पारा त्या बाजूला सरकतो तसतसा डब्यातला दाब कमी होऊन ज्योत मिणमिणते. डबा काही वेळ जॅकेटमध्ये धरला की ती सुधारते. आगीजवळ नेऊन तापवायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, पण सांगितलेलं बरं.

चुलीचं तोंड कुठे करायचं? पहाटे डोंगरावरची गार हवा जड होऊन उताराने खाली सरकत असते, वारा म्हणण्याइतकीही नाही, पण धूर तिच्यामागे जातो. तोंड डोंगराकडे केलं आणि डोंगराकडे पाठ करून जरा एका अंगाला बसलं की ही हवा आपल्या बाजूने चुलीत शिरते आणि धूर पलीकडे निघून जातो. ऊन तापलं की वारा फिरतो, खालून वर वाहू लागतो, आणि इतका वेळ गुण्यागोविंदाने जाणारा धूर डोळ्यांत येतो. त्याच्या आत भाकऱ्या आटोपलेल्या बऱ्या. पहाटेचा धूर उंच चढत नाही, चादरीसारखा जमिनीलगत पसरतो. निफाडकडे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात ते याच जमिनीलगतच्या थराच्या भरवशावर. आपल्याला त्याचा तोटा एवढाच की धुराच्या वाटेत कुणाचा तंबू असेल तर त्याची झोप गेली.

पेटवण्यात जाडीचा क्रम पाळायचा: काडी, करंगळी, अंगठा, मनगट. आधीच्या जाडीने नीट पेट घेतल्याशिवाय पुढची घालायची नाही. नवखा माणूस काड्या भडकल्या की लगेच मनगटाएवढं लाकूड ठेवतो, काड्या जळून जातात, लाकूड नुसतं काळं होतं, आणि मग फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. दोन लाकडांत बोटभर फट राहिली पाहिजे. चूल ठासून भरली की हवा कोंडते आणि धूर सुरू होतो. एकदा मनगटाच्या जाडीला आलात की आच हातात येते: लाकूड आत सारलं की जाळ चढतो, मागे ओढलं की उतरतो. लाकूड टोकाने जळत जातं तसं पुढे सरकवायचं, मधे मोडून टाकायचं नाही.

पहिल्या जाळावर तीन लिटर पाणी चढवायचं, झाकण ठेवून. गार वाऱ्यात झाकणाशिवाय उकळी फुटता फुटत नाही, वर काटक्यांची राख उडून पाण्यात पडते. यातलंच पाणी चहाला, यातलंच भाकरीला, उरलेलं हात धुवायला. पातेलं ॲल्युमिनियमचं जाड बुडाचं असलं तर उत्तम. चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा नाहीतर राखेचा पातळ हात फिरवला की काजळी त्यावर बसते आणि घासताना मातीबरोबर निघून जाते.

चहाबद्दल दोनच गोष्टी. आलं आधी पाण्यात खळखळ उकळू द्यायचं, दूध नंतर. कच्चं आलं गरम दुधात पडलं की दूध नासू शकतं. आणि गुळाचा चहा करायचा असेल तर गूळ पातेलं खाली उतरवल्यावर घालायचा. सहाजणांना अर्धा लिटर पाणी, अर्धा लिटर दूध, पाच चमचे पावडर, बोटाच्या पेरभर आलं, असली तर गवती चहाची दोन पाती. चहा पिऊन होईपर्यंत चुलीत पहिले निखारे पडलेले असतात. ते कडेला ओढून त्यांच्या राखेत न सोललेले चार कांदे आणि रताळी पुरून ठेवायची. कांद्याला अर्धा तास, मनगटाएवढ्या रताळ्याला पाऊण. वांगं पुरणार असाल तर सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून, नाहीतर ते फुटून निम्मं राखेत जातं.

पिठल्याचं माप दीडशे मिलीच्या आमटीच्या वाटीने सांगतो. तीन वाट्या बेसन, दहा वाट्या पाणी, अर्धी वाटी तेल, तीन मध्यम कांदे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या ठेचून, सात-आठ हिरव्या मिरच्या, मोहरी-जिरं एक-एक चमचा, हिंग, अर्धा चमचा हळद, सपाट तीन चमचे मीठ, कोथिंबीर. तेल जास्त वाटेल, पण थंडीत बाहेर बसून खाताना वाटत नाही. कांदा-मिरची-लसूण रात्रीच चिरून डब्यात भरावं. गारठलेल्या बोटांनी, बॅटरीच्या उजेडात सुरी चालवणं म्हणजे रक्ताची फोडणी.

पिठलं दोन रीतींनी होतं. एकात फोडणीच्या उकळत्या पाण्यात कोरडं पीठ भुरभुरत पेरतात आणि दुसऱ्या हाताने ढवळतात. चव याचीच खमंग, पण घरी, नीट दिसत असताना. पिठाची चिमूट उकळत्या पाण्यात पडते तेव्हा तिची बाहेरची बाजू क्षणात फुलून चिकट होते आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. गुठळी होते ती अशी. अंधारात, धुरात, जाळ कमीजास्त होत असताना दुसरी रीत बरी. तीन वाट्या बेसन चार वाट्या गार पाण्यात कालवून ठेवायचं. कढईत फोडणी, कांदा लालसर, त्यावर सहा वाट्या आधणाचं पाणी, मीठ, खळखळून उकळी. मग लाकडं मागे ओढून जाळ उतरवायचा आणि कालवलेलं पीठ धारेने सोडत ढवळायचं. जाळ न उतरवता पीठ सोडलं तर बुडाशी लगेच थर धरतो आणि करपल्याचा वास अख्ख्या पिठल्याला लागतो. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होऊ लागतं, आणि इथेच अनेकजण फसतात. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. निखाऱ्यांवर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं, मधूनमधून बुडापासून ढवळत. आधी बारीक बुडबुडे येतात, मग मोठे, जड, फटफट आवाज करणारे. पिठलं कढईची कड सोडतं आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन लसणाचा वर येतो. हात लांब बाहीत ठेवून ढवळावं. त्या फटफटण्यात उडालेला थेंब चिकटतो आणि चांगलाच भाजतो. उतरवताना हवं त्याहून थोडं सैल असू द्यावं, ताटात पडेपर्यंत ते आणखी आळतं.

एव्हाना पावणेसात झालेले असतात, उजाडलेलं असतं, आणि चुलीत वीतभर रुंद निखाऱ्यांची गादी तयार असते. आता भाकरी.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांच्या आत दळलेलं हवं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडवट होतं, आणि जुन्या पिठाची विरी, म्हणजे थापताना धरून राहण्याचा गुण, जाते ती वेगळीच. बारा भाकऱ्यांना सव्वा किलो पीठ धरावं. अकोल्याच्या पश्चिम भागातलं धान्य खरं तर नागली, वरई, भात, बाजरी पूर्वेकडची. यजमानांकडे नागलीचं पीठ असेल तर तेच घ्या, फक्त त्याची उकड काढावी लागते: उकळत्या पाण्यात मीठ, मग पीठ, झाकून पाच मिनिटं, आणि कोमट झाल्यावर मळणं.

बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ धरून ठेवतं ते गरम पाण्याने फुललेलं पीठच, म्हणून पाणी कढत लागतं. थंडीत भाकरी चिरते त्यामागे हेच असतं, आणि दोष मात्र पिठाला जातो. पाणी चुलीवरून उकळतं काढलेलं असतं, पण ते पडतं रात्रभर बाहेर राहिलेल्या स्टीलच्या परातीत, गार पिठावर, आणि दोन क्षणांत कोमट होतं. परातीत आधी तांब्याभर गरम पाणी फिरवून ओतून द्यावं किंवा परात चुलीच्या कडेला टेकवून ठेवावी. लाकडी काठवट असेल तर हा प्रश्नच नाही. पिठाचा डबाही धगीजवळ सरकवून ठेवावा.

एका भाकरीला दोन मुठी पीठ, म्हणजे शंभरेक ग्रॅम, आणि अर्धी ते पाऊण वाटी पाणी. सगळं पीठ एकदम भिजवायचं नाही, ठेवलेला गोळा सैल पडतो आणि थापताना कडेला फाटतो. पाणी पिठाच्या मधोमध ओतून आधी चमच्याने कालवायचं, हात सहन करतील इतपत निवलं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रगडायचं, पुढे रेटून, मागे ओढून, दोन मिनिटं तरी. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा रगडावा. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी थापायचा, भाकरी आपोआप फिरत राहते. मधे जाड आणि कडेला पातळ झाली तर कडा करपून मधलं कच्चं राहतं. कड दुसऱ्या हाताने सारखी करत जायचं.

तवा लोखंडी, जाळावर पाच मिनिटं तापलेला. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत नाचत उडाला पाहिजे. नुसता चरचरत बसला तर तवा अजून गार, भाकरी चिकटेल. भाकरी तव्यावर टाकताना परातीतली पीठ लागलेली बाजू वर येते. तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा, कडेपर्यंत, एकही जागा कोरडी न ठेवता. मग तिच्याकडे नुसतं बघायचं. पाणी चकाकत असतं, चकाकी कडेकडून मधे सरकत जाते, आणि ओलसरपणा उरलेला असतानाच उलथायची. घाई केली तर भाकरी तव्याला चिकटून फाटते, उशीर झाला तर वरचा थर कोरडा होऊन तडकतो. उलथल्यावर ही पाणी लावलेली बाजू खालून नीट भाजू द्यायची, दीड-दोन मिनिटं, तपकिरी ठिपके पडेपर्यंत. तोवर लाकडं थोडी मागे ओढून निखारे चुलीच्या तोंडाशी पुढे ओढलेले असावेत. तवा उतरवायचा नाही. भाकरी तव्यावरून काढून, आधी भाजलेली बाजू निखाऱ्यांकडे करून, दगडाला टेकवून उभी करायची. पाणी लावलेल्या बाजूचा पापुद्रा वाफ धरून ठेवतो, आतली वाफ दोन थर सोडवते, आणि एका कडेने सुरू होऊन अख्खी भाकरी टम्म होते. कडेला बारीकशी चीर असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. चवीला ती वाईट नसते, जरा जड लागते इतकंच. जाळासमोर धरली तर मात्र फुगायच्या आधी काळी पडते. निखाऱ्यांची धग सगळीकडून सारखी लागते, जाळाची जीभ एकाच जागी चाटते.

हे दोघांचं काम आहे. एकाने थापायची, दुसऱ्याने भाजायची आणि चूल सांभाळायची. एकटा माणूस पिठाच्या हातांनी लाकडं सारतो आणि लाकडाच्या हातांनी पीठ मळतो. बारा भाकऱ्यांना पाऊण तास धरा. झालेल्या भाकऱ्या दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवल्या तरी बसायला थांबू नये, तव्यावरून उतरेल तशी एकेकाला वाढत जावं. पहिली भाकरी नेहमी बिघडते, ती भाजणाऱ्याने खावी.

ठेचा शेवटी, त्याच तव्यावर. पंधरा मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, चमचाभर तेल, खडेमीठ. शेंगदाणे आधी, मिरच्यांना पांढुरके-काळे डाग पडले की लसूण, मग तवा खाली उतरवून तांब्याच्या बुडाने तिथल्या तिथे रगडायचं. मिरचीच्या ठसक्याने खळ्यातली सगळी माणसं एकदम खोकायला लागतात, तेव्हा वाऱ्याचा अंदाज घेऊनच तवा उतरवावा. फुफाट्यातले कांदे तोवर मऊ झालेले असतात. वरची जळकी सालं काढून मुठीने फोडायचे. लोण्याचा गोळा असेल तर आत्ता.

कढई रिकामी झाली की बुडाशी पिठल्याची खरवड उरते, तांबूस, कुरकुरीत, थोडी करपलेली. ती उलथन्याने सोडवून भाकरीच्या शेवटच्या तुकड्याबरोबर खायची असते. तिच्यावर हक्क कुणाचा यावरून भांडण होतंच. माझ्या मते चूल सांभाळणाऱ्याचा.

विझवताना तापल्या दगडांवर पाणी ओतायचं नाही, तडकतात. आधी लाकडं ओढून बाजूला विझवायची, मग राखेवर पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, आणि हाताची पालथी बाजू राखेपासून बोटभर वर धरून बघणं. ऊब लागली तर अजून एक तांब्या. कोरड्या राखेची ओंजळभर आधीच काढून ठेवलेली असली तर भांडी तिनेच निघतात, वर उरलेलं आधणाचं पाणी. बाकीची राख घरच्यांना विचारून वांग्या-मिरचीच्या वाफ्यात टाकावी. दगड निवले की परत बांधावर, काळी बाजू खाली करून.